किलोभराचा लॅपटॉप घेताना: एअर, सर्फेस की जुना थिंकपॅड?

दुकानात एका हाताने उचलून बघितला की कुठलाही लॅपटॉप हलकाच वाटतो. सकाळच्या डोंबिवली लोकलमध्ये बॅग छातीशी धरून तासभर उभं राहिलं की खरं वजन कळतं. मी कित्येक वर्षं १५.६ इंची लॅपटॉप असाच वागवला. एकदा तो चार्जरसकट स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवला, तर पावणेतीन किलो भरला. त्यातला जवळपास अर्धा किलो एकट्या चार्जरचा होता. म्हणून आता कुणी विचारलं की मी आधी चार्जर बघायला सांगते. यूएसबी-सीवर चार्ज होणारं मशीन असेल तर फोनचा चांगल्या वॅटचा एकच चार्जर दोघांना पुरतो. ही सोय खालच्या तिन्ही मशीनमध्ये आहे.

मी भाषांतराचं काम करते, तेव्हा ही तुलना लिहिणाऱ्या, शिकवणाऱ्या, प्रवासात फाईल उघडणाऱ्या माणसासाठी आहे. व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्याचा हिशेब वेगळा असतो.

मॅकबुक एअर, १३ इंची. वजन १.२४ किलो. आत पंखा नाही, त्यामुळे आवाजही नाही. एम४ चिपचं मॉडेल मार्च २०२५मध्ये ९९,९०० रुपयांपासून आलं, १६ जीबी रॅम आणि २५६ जीबी स्टोरेजसह. नुसतं लिहिण्या-वाचण्याचं काम असेल तर दिवसभर चार्जर घरी ठेवता येतो, आणि मला वाटतं पैसे ह्याच गोष्टीचे द्यायचे. मात्र रॅम नंतर वाढवता येत नाही, आणि यूएसबीची जुनी चौकोनी खाच त्याला नाही. पेनड्राईव्हवर फाईल मागणारी कार्यालयं आपल्याकडे अजून भरपूर आहेत, तेव्हा अडॅप्टर बॅगेत कायम ठेवा.

सर्फेस प्रो, १३ इंची. टॅब्लेट ८९५ ग्रॅमचा, आणि जाहिरातीत हाच आकडा दिसतो. पण कीबोर्ड वेगळा विकत घ्यावा लागतो. तो जोडला की वजन १.२ किलोच्या आसपास जातं, म्हणजे एअरएवढंच. पेनाने प्रुफं तपासणाऱ्याला, पीडीएफवर खुणा करणाऱ्याला ह्याच्यासारखं सुख नाही. अडचण येते ती मांडीवर. मागचा स्टँड टेकायला पुढे-मागे जागा लागते. एसटीच्या सीटवर स्टँडची कड गुडघ्यावरून सारखी घसरते. टेबल मिळणार असेल तरच ह्याचा विचार करा. शिवाय स्नॅपड्रॅगन प्रोसेसरवाल्या मॉडेलवर इंटेल प्रोसेसरसाठी बनवलेले ड्रायव्हर, म्हणजे जोडलेली उपकरणं चालवणारी छोटी सॉफ्टवेअरं, चालत नाहीत. पानं मांडायचं (डीटीपीचं) जुनं सॉफ्टवेअर डोंगल, म्हणजे परवान्याची यूएसबी काडी, लावून वापरत असाल तर ते आधी चालवून बघा, मगच पैसे द्या.

थिंकपॅड एक्स२८०, सेकंडहँड. १२.५ इंची, सव्वा किलोच्या आत, २०१८चं मॉडेल. ऑफिसांतून निघालेली अशी मशीन एअरच्या तुलनेत फारच स्वस्तात मिळतात. कीबोर्ड मला तिघांत सर्वांत आवडतो, जुन्या यूएसबीच्या खाचा आणि एचडीएमआयही आहे. बॅटरी बहुधा थकलेली असते, ती बदलण्याचा खर्च धरूनच भाव करा. स्क्रीन १९२० बाय १०८०ची आहे ना ते विचारा, कारण १३६६वाला पडदा मराठी जोडाक्षरांना फार वाईट. आणि फसू नका: दिसायला तसाच असलेला एक्स२७० घेऊ नका. त्यात इंटेलचा सहाव्या-सातव्या पिढीचा प्रोसेसर आहे, विंडोज ११ला किमान आठवी पिढी लागते, आणि विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. प्रोसेसरच्या नावात आय५-८२५०यूसारखा आठाने सुरू होणारा आकडा हवा.

दहा-अकरा इंची मशीन मी मुद्दाम बाजूला ठेवली. कारण वजन नव्हे, कीबोर्ड. एवढ्याशा जागेत बटणं बसवताना कंपन्या उजव्या कडेची बटणं बारीक करतात. इंग्रजी टाइप करणाऱ्याचं त्याने फारसं अडत नाही, तिथे अर्धविराम आणि कंस असतात. इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे मराठी अक्षरं थेट बटणांवर बसवलेल्या कीबोर्डमध्ये, मात्र त्याच कोपऱ्यात च, ट, ड आणि य आहेत. ‘चटणी’ लिहायची तर पहिली दोन अक्षरं तिथलीच. दिवसाला दोन-तीन हजार शब्द टाइप करणाऱ्याची करंगळी आठवड्याभरात दुखायला लागते. फोनेटिक पद्धतीने, म्हणजे इंग्रजी अक्षरांत उच्चार टाइप करून, लिहीत असाल तर हा मुद्दा सोडून द्या.

माझं मत: पैसे असतील तर एअर घ्या. विंडोजवाचून चालणार नसेल, किंवा बजेट तोकडं असेल, तर चांगला निवडलेला एक्स२८०. सर्फेस पेनासाठी, फक्त पेनासाठी. नवीन आणि स्वस्त म्हणून ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेजचा लॅपटॉप कुणी पुढे केला तर नको म्हणा. विंडोजच्या अपडेटनेच त्याची जागा भरते.

दुकानात गेलात की स्टुलावर बसा, मशीन मांडीवर घ्या. सेटिंगमध्ये मराठी कीबोर्ड सुरू करायला मिनिटभर लागतो, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. मग ‘गडचिरोलीच्या वाऱ्यावर’ एवढं दहा वेळा टाइप करा. ‘ऱ’साठी शिफ्ट धरून जे. दहांतल्या तीन वेळा ‘ड’ चुकला तर ते मशीन परत द्या आणि पुढचं मागा.