गाठ घालून देतात, पीओचं (कंपनीच्या खरेदी ऑर्डरचं) मात्र तुम्हीच बघा

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या एका विद्यापीठाच्या इन्क्युबेशन सेंटरचा, म्हणजे नव्या कंपन्यांना आधार देणाऱ्या केंद्राचा, ‘इंडस्ट्री कनेक्ट’ विभाग. विद्यार्थी-प्राध्यापकांच्या स्टार्टअपची टीटीसी, तळोजा नाहीतर वागळे इस्टेट या औद्योगिक वसाहतींमधल्या कंपनीशी गाठ घालून देणं हे याचं काम. पाचपैकी साडेतीन गुण.

जमेची मोठी बाजू अशी, की इथे आधी कंपनीकडून अडचण लिहून घेतात आणि मग स्टार्टअप शोधतात. एका पानाचा कागद असतो: कोणतं यंत्र, किती नग, नुकसान कुठे होतं, प्लांटमध्ये सही कोणाची. ‘आम्हाला एआय हवंय’ एवढंच लिहिलेला कागद परत जातो, आणि जायलाच हवा.

डेमोआधी पेटंटची चौकशी होते, तीही योग्य. अर्ज न करता चारचौघांत यंत्र उघडून दाखवलं तर नावीन्याचा दावाच धोक्यात येतो. प्रोव्हिजनल (प्राथमिक) अर्ज भरला की पूर्ण अर्जासाठी 12 महिने हातात राहतात. गोपनीयतेच्या कराराचा नमुनाही अद्ययावत आहे. ऑक्टोबर 2024 पासून 100 रुपयांच्या जागी 500 चा स्टॅम्प पेपर लागतो, हे त्यांना माहीत आहे.

घोळ होतो तो प्लांटच्या गेटवर. या पट्ट्यात सॉल्व्हंट हाताळणारे कारखाने आहेत. ज्वलनशील वाफा असलेल्या भागात साधी बॅटरीवरची सेन्सर पेटी नेताच येत नाही. फ्लेमप्रूफ (आतला भडका बाहेर जाऊ न देणारी) किंवा इंट्रिन्सिकली सेफ (वाफा पेटवण्याइतकी ऊर्जाच नसलेली) असल्याचं प्रमाणपत्र लागतं. प्रयोगशाळेत उत्तम चाललेली पेटी सेफ्टी ऑफिसर बाहेरच ठेवायला लावतो आणि तोवर दोन-तीन बैठका वाया गेलेल्या असतात. त्या एका पानावर ‘एरिया क्लासिफिकेशन’ची, म्हणजे कोणत्या भागात स्फोटाचा धोका किती याची, ओळ वाढवली असती तरी भागलं असतं.

दुसरी अडचण पर्चेसची. इनोव्हेशनवाले खूश होतात, पर्चेसवाले तीन वर्षांचे ताळेबंद मागतात. वर्षही न झालेल्या कंपनीने ते आणायचे कुठून? इथे विभाग हात वर करतो. म्हणून पहिल्या बैठकीतच व्हेंडर कोडची (पुरवठादार म्हणून नोंद होण्याची) अट शिथिल करणारा माणूस कोण, ते विचारून घ्या. पायलट, म्हणजे प्लांटमधली छोटी चाचणी, फुकट करू नका; रक्कम लहान चालेल, पण पीओ हवी, आणि यश कोणत्या आकड्याला म्हणायचं तेही त्यावरच हवं. नाहीतर पायलट संपतच नाही.

लहान उद्योगांसाठीची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी आधीच करून ठेवा, पोर्टलवर ती मोफत होते. सूक्ष्म-लघु पुरवठादाराचे पैसे, लेखी करार असला तरी, माल किंवा सेवा स्वीकारल्यापासून 45 दिवसांत देणं 2006 च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्याने बंधनकारक आहे. लेखी मुदत ठरलेली नसेल तर 15 दिवसांत. बिलावर उद्यम क्रमांक छापा, नंतर आठवण करून देताना शब्द कमी खर्च होतात.

सेंटरच्या करारातला, तुमच्या कंपनीतल्या त्यांच्या हिश्शाचा मुद्दा नीट वाचा. 2019 च्या राष्ट्रीय नवोपक्रम व स्टार्टअप धोरणात शैक्षणिक संस्थेसाठी 2 ते 9.5 टक्के असा पल्ला दिला आहे. जागा, मार्गदर्शन, यंत्रं यांतलं खरोखर काय मिळतंय ते मोजून मगच आकडा ठरवा. नुसत्या ओळखी करून देण्याबद्दल वरचं टोक मागितलं तर घासाघीस करा.

अर्ज भरण्याआधी काउंटरवर एकच विचारा: गेल्या वर्षी पीओ किती निघाल्या? उत्तरात बैठकांचा आकडा आला, तर तोच प्रश्न पुन्हा विचारा.