हापूसच्या कलमांना शेणखत द्यावे की युरिया?

कोकणातल्या जांभ्या मातीत ज्यांची हापूसची बाग आहे, त्यांना मे महिन्यात हा निर्णय करावाच लागतो. मी काही वर्षे गोणीतली खते दिली आणि नंतर शेणखताकडे वळलो.

नत्राच्या, म्हणजे नायट्रोजनच्या, हिशेबाने युरिया उघडपणे सरस आहे. त्यात ४६ टक्के नत्र असते, तर शेणखतात जेमतेम अर्धा टक्का. एका कलमाला ५० किलो शेणखतातून जेवढे नत्र मिळते, तेवढे अर्ध्या किलोहून थोड्या अधिक युरियात असते. १०० कलमांसाठी ५ टन शेणखत पाट्यांनी घाटी चढवणे किती कष्टाचे आहे, हे मी जाणतो.

परंतु झाडाला खत मिळते ते पाण्यात विरघळून मुळांवाटे, आणि कोकणात पाणीच ते पळवून नेते. युरियापासून मातीत तयार होणारे नायट्रेट मातीच्या कणांना धरून राहत नाही. मोठ्या पावसात ते मुळांखाली झिरपून जाते. म्हणून जमीन ओली असताना, पण पाऊस थांबलेला असताना, उघडीप साधूनच युरिया द्यावा लागतो. माझा निर्णय या उघडिपीनेच केला. ती मिळते नेमकी भाताच्या लावणीत, जेव्हा एकही गडी बागेकडे फिरकत नाही. एका वर्षी मोठ्या मिनतवारीने दोन गडी मिळवून दुपारी खत घातले. रात्री असा पाऊस कोसळला की सकाळी उतारावरच्या कलमांभोवतीची मातीची आळी फुटून माती खालच्या वहाळात गेलेली दिसली. उरलेली अर्धी गोणी पडवीतल्या दमट हवेने दगडासारखी झाली.

शेणखताला अशी घाई नसते. मेअखेरीस, गडी मोकळे असताना, फांद्यांच्या घेराखाली जिथे बारीक मुळे पसरलेली असतात तिथे चर खणून शेणखत आणि गिरिपुष्प या झाडाचा हिरवा पाला मातीआड केला, की पुढचे महिने ते कुजत कुजत नत्र सोडत राहते. जांभ्या मातीतले लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला, म्हणजे फॉस्फरसला, जखडून ठेवतात. सेंद्रिय द्रव्याने ती पकड काहीशी सैल होते. मी मोजमाप केलेले नाही, तरी चराजवळची माती आता हाताला भुसभुशीत लागते आणि पालवी मला अधिक टवटवीत वाटते.

शेणखत पुरते कुजलेले हवे, हे मात्र आवर्जून सांगतो. पहिल्या वर्षी घेतलेल्या कच्च्या खतातून चरात हुमणी, म्हणजे मुळे खाणारी अळी, आली. तेव्हापासून मी ते दिवाळीत आणून मेपर्यंत ढिगात कुजवतो. ज्यांची बाग मोठी आहे आणि जवळपास गुरे नाहीत, त्यांनी युरिया दोन-तीन हप्त्यांत विभागून देणे कदाचित अधिक व्यवहार्य ठरेल. पालाश, म्हणजे पोटॅश, मीही अजून गोणीतूनच देतो, कारण फळ धरणाऱ्या कलमाची ती गरज केवळ शेणखतावर भागवायची, तर आणखी कितीतरी पाट्या वर चढवाव्या लागतील.