मुलीच्या पायांवर मॅग्नेशियमचा फवारा : पाच महिन्यांचा अनुभव

माझी मुलगी सात वर्षांची आहे. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस रात्री तिच्या पोटऱ्या दुखू लागल्या; सकाळी मात्र ती काहीच झाले नसल्यासारखी धावत असे. दुखणे दोन्ही पायांत आहे, सूज, ताप किंवा लंगडणे नाही, हे पाहून बालरोगतज्ज्ञांनी ही वाढत्या वयातली नेहमीची पायदुखी असल्याचे सांगितले आणि पाय चोळून देण्यापलीकडे काही सुचवले नाही. माझे तेवढ्याने समाधान झाले नाही, म्हणून दसऱ्याच्या सुमारास मी ‘मॅग्नेशियम ऑइल’ नावाचा फवारा मागवला आणि फेब्रुवारीपर्यंत वापरला.

नावात ऑइल असले तरी त्यात तेलाचा थेंबही नसतो. ते मॅग्नेशियम क्लोराइड या क्षाराचे पाण्यातले दाट द्रावण असते आणि त्या दाटपणामुळेच ते बोटांना तेलकट लागते.

पहिल्याच रात्री मुलगी म्हणाली, “आई, चावतंय.” सोबतच्या पत्रकात लिहिले होते की, चुणचुणणे हे शरीरात मॅग्नेशियम कमी असल्याचे लक्षण असून कमतरता भरून निघाली की ते थांबते. मी त्यावर विश्वास ठेवला आणि रडवेल्या मुलीला थोडे सोसायला सांगितले, याचे मला आजही वाईट वाटते. काही दिवसांनी नारळ खवताना माझे बोट खरचटले. त्यावर हे द्रावण लागताच झोंबून डोळ्यांत पाणी आले, पण त्याच हाताच्या मनगटावर काहीही जाणवले नाही. एकाच शरीरात मॅग्नेशियम बोटात कमी आणि मनगटात पुरेसे असणार नाही. फरक त्वचेच्या अखंडपणाचा होता.

तिसऱ्या आठवड्यात मुलीच्या गुडघ्यांमागच्या लवणीत आणि डास चावून खाजवलेल्या जागी लाल चट्टे उठले. लहानपणी तिला तिथेच इसब होते, हे मी विसरले होते. त्वचारोगतज्ज्ञांच्या मते ही ॲलर्जी नसून दाट क्षाराने झालेला दाह होता, कारण तो फवारल्यावर काही मिनिटांत, फवारलेल्या जागीच होई आणि पाय धुतले की उतरू लागे. ॲलर्जीचे पुरळ बहुधा एक-दोन दिवसांनी उठते. त्यांनी चट्टे पूर्ण बरे होईपर्यंत फवारा बंद करायला सांगितले.

पुढे मी द्रावणात तितकेच उकळून गार केलेले पाणी मिसळले, ते फक्त अखंड त्वचेवर लावले, गरम पाण्याच्या अंघोळीनंतर लगेच लावणे टाळले आणि वीस मिनिटांनी पाय साध्या पाण्याने धुऊन खोबरेल तेल लावले. त्यानंतर चट्टे उठले नाहीत. पूर्वी सकाळी पायांवर जी पांढरट पूड दिसे आणि चादर चिकट होई, तेही थांबले.

मात्र, पायदुखीला याचा उपयोग झाला का? जानेवारीत पंधरा दिवस मी डाव्या पायाला द्रावण आणि उजव्याला फक्त खोबरेल लावून दोन्ही पाय सारखेच चोळले. मुलीला दोन्ही पायांना सारखाच आराम वाटला. एका मुलीच्या पंधरा दिवसांवरून काही सिद्ध होत नाही, हे मान्य आहे. पण त्वचेतून मॅग्नेशियम शरीरात पुरेसे शोषले जाते या दाव्याला शास्त्रीय आधार नाही, असाच निष्कर्ष ‘न्यूट्रिएंट्स’ या नियतकालिकातल्या २०१७ च्या आढावा लेखानेही काढला होता. अमेरिकी शिफारशीनुसार चार ते आठ वर्षांच्या मुलांना दिवसाला १३० मिलिग्रॅम मॅग्नेशियम लागते, आणि १०० ग्रॅम नाचणीत साधारण तेवढे असते. आमच्याकडे भाकरी आवडीने खाल्ली जाते.

इसब असलेल्या किंवा सतत खाजवणाऱ्या मुलांसाठी मी हा फवारा सुचवणार नाही. इतरांनीही आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडासा लावून पाहावा आणि मूल ‘चावतंय’ म्हणाले की लगेच धुवावा. आमची अर्धी बाटली तशीच पडून आहे, तिचे तोंड क्षाराने बुजले आहे. मुलगी अजूनही अधूनमधून रात्री पाय पुढे करते, मात्र “न चावणारं तेल लाव” असे आधी बजावते.