क्लचशी जुळवून घ्यायचं की ऑटोमॅटिक स्पोर्टी गाडी घ्यायची?

हौसेनं मॅन्युअल स्पोर्टी गाडी घ्यायची आणि थोड्याच दिवसांत हिरमुसून जायचं, असं अनेकांचं होतं. सिग्नल सुटला की गाडी बंद पडते, पहिल्यातून दुसरा टाकताना झटका बसतो, मागच्याचा हॉर्न वाजायला लागतो. मग मनात येतं, ही काढून टाकावी आणि ऑटोमॅटिक घ्यावी. तसं करायला माझी अजिबात हरकत नाही. पण आधी एक गोष्ट स्वतःशी नक्की करा: होणारा त्रास सवयीनं जाणारा आहे, की कितीही गाडी चालवली तरी राहणारा आहे? झटके आणि गाडी बंद पडणं जातं. दुखरा गुडघा आणि रोजची तुंबलेली वाहतूक जात नाही.

क्लच अवघड का वाटतो, ते आधी समजून घेऊ. ताकदवान इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, पेलायचा तर क्लच प्लेट फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनासोबत फिरणाऱ्या जड चकतीवर, जास्त जोरानं दाबून धरावी लागते. म्हणून अशा गाड्यांचं पेडल बऱ्याचदा जड लागतं आणि क्लच जिथे पकडतो तो टप्पाही अरुंद असतो. साध्या गाडीत पायाची थोडी चूक खपून जाते, इथे ती लगेच जाणवते. काही गाड्यांत क्लचच्या हायड्रॉलिक लाइनमध्ये तेलाचा वेग कमी करणारा अडसर मुद्दाम बसवलेला असतो. तुम्ही पाय झटकन उचलता, क्लच मात्र आपल्या गतीनं जुळतो. भरीला आजच्या बऱ्याच इंजिनांत रेस सोडली तरी आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे) लगेच खाली येत नाही. त्यामुळे दुसरा गिअर टाकताना इंजिन आणि चाकं यांचा वेग जुळत नाही आणि झटका बसतो. हा दोष सगळा तुमच्या पायाचा नाही.

बसण्यापासून सुरुवात करा. स्पोर्टी गाडीत मागे रेलून बसायचा मोह होतो. मग क्लच पूर्ण दाबायला कंबर सरकवावी लागते आणि शेवटच्या इंचावरचा ताबा सुटतो. पेडल तळापर्यंत दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहील इतकी सीट पुढे घ्या. बूट पातळ तळाचे घाला. मग मोकळ्या, सपाट जागी जाऊन रेसला हात, म्हणजे पायच, न लावता फक्त क्लच हळूहळू सोडत गाडी हलवा. आरपीएमचा काटा किंचित खाली झुकतो, गाडीचं नाक जरासं उचलल्यासारखं वाटतं, आणि चाकं फिरायला लागतात. तोच बाइट पॉइंट. तिथे पाय क्षणभर थांबवायचा आणि गाडी पूर्ण हलल्यावरच बाकीचा सोडायचा. ही एक गोष्ट पायात बसली की निम्मी भीती तिथेच संपते.

दुसऱ्या गिअरच्या झटक्यावर उपाय म्हणजे पहिला गिअर फार ताणायचा नाही आणि क्लच सोडताना रेस अगदी थोडी चालू ठेवायची. गिअर उतरवताना मध्ये रेसचा छोटा टोला देऊन आरपीएम वर आणायचा. हे काम स्वतः करणाऱ्या मॅन्युअल गाड्याही आता मिळतात. निस्सान 370झेडमध्ये ही सोय 2009 च्या मॉडेलपासून होती. नवख्याला ती फार उपयोगी पडते आणि ती वापरण्यात कमीपणा काहीच नाही.

गाडी जुनी घेतली असेल तर स्वतःला दोष देण्याआधी क्लच तपासून घ्या. वरच्या गिअरमध्ये, कमी आरपीएमवर पूर्ण रेस दिली आणि आरपीएम भसकन वाढला पण वेग वाढला नाही, तर प्लेट घसरते आहे. पेडल स्पंजासारखं लागत असेल तर लाइनमध्ये हवा असू शकते. हायड्रॉलिक क्लचला सहसा ब्रेक ऑइलच लागतं आणि ते हवेतलं पाणी शोषतं, म्हणून ते ठरावीक काळानं बदलावं लागतं. बिघडलेल्या क्लचशी महिनोन्‌महिने जुळवून घेत बसण्यात काही अर्थ नाही.

आता ऑटोमॅटिककडे वळू. ‘ऑटोमॅटिक’ म्हणून सगळं एकाच मापानं मोजू नका. टॉर्क कन्व्हर्टर आणि ड्युअल क्लच या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या दोन प्रकारांचा स्वभाव वेगळा आहे. ड्युअल क्लचमध्ये सम आणि विषम गिअरना वेगवेगळा क्लच असतो. पुढचा गिअर आधीच तयार असल्यानं बदल विलक्षण चपळ होतो. मात्र मुंगीच्या पावलानं सरकणाऱ्या वाहतुकीत आत क्लचच घसरत असतो. कोरड्या क्लचचा प्रकार असेल तर तो तापतो आणि चाल अडखळते. तेलात बुडालेल्या क्लचचा प्रकार उष्णता बरी सोसतो. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये जोडणी द्रवातून होते, म्हणून निघताना तो सगळ्यांत गुळगुळीत. तो सुस्त असतो हे मत आता जुनं झालं: झेडएफ या जर्मन कंपनीचा आठ गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर बॉक्स 2009 पासून गाड्यांत येतो आहे आणि चालवताना ड्युअल क्लचची उणीव फारशी भासत नाही. रोज गर्दीत जायचं असेल तर मी डोळे झाकून टॉर्क कन्व्हर्टर निवडेन.

वेगाच्या बाबतीत वाद उरलेलाच नाही. सध्याच्या पिढीची पोर्शे 911 जीटी3 ड्युअल क्लचवर 0 ते 100 किमी वेग 3.4 सेकंदांत गाठते, मॅन्युअलवर 3.9 सेकंदांत. बीएमडब्ल्यू एम2 बाजारात आली तेव्हा हेच आकडे ऑटोमॅटिकला 4.1 आणि मॅन्युअलला 4.3 होते. घड्याळ हाच निकष असेल तर निकाल लागला. पण 2013 साली पोर्शेनं जीटी3 फक्त ड्युअल क्लचमध्ये आणली, तेव्हा चाहत्यांची नाराजी झाली. 2016 मध्ये 911 आर फक्त मॅन्युअलमध्ये आली आणि 2017 मध्ये जीटी3 लाही मॅन्युअलचा पर्याय परत मिळाला. अर्धा सेकंद सोडून द्यायला लोक तयार होते, कारण वळणाआधी नेमका गिअर स्वतः टाकण्याचं सुख आकड्यात मावत नाही. हे सुख मला खरंच मोलाचं वाटतं. ऑटोमॅटिकमध्ये स्टिअरिंगमागचं पॅडल बोटानं ओढून गिअर बदलण्यातही मजा आहे, पण त्यात हातपायांचं कसब लागत नाही, आणि मॅन्युअल मोडमध्येसुद्धा काही गाड्या आरपीएम टोकाला गेला की स्वतःच गिअर बदलतात.

म्हणून माझं मत असं: रस्ता बऱ्यापैकी मोकळा आहे, गाडी मुख्यतः आवडीसाठी आहे आणि पाय धडधाकट आहे, तर मॅन्युअल ठेवा. पहिल्या काही आठवड्यांच्या वैतागात विकू नका. रोज थांबत-सरकत जाणं आहे, गुडघा किंवा कंबर कुरकुरते आहे, किंवा घरात इतर जण तीच गाडी चालवणार आहेत आणि त्यांना क्लच नको आहे, तर ऑटोमॅटिक घ्या, आणि अपराधी वाटून घेऊ नका. मॉडेल आधीच मनात ठरलं असेल तर कदाचित निवड तुमच्या हातात नसेलही. होंडाची आताची सिव्हिक टाइप आर फक्त मॅन्युअलमध्ये येते, तर फोक्सवॅगनच्या गोल्फ जीटीआयमधून 2024 च्या बदलात मॅन्युअल गेलाच.

ऑटोमॅटिकवर गेलात तर सुरुवातीला डाव्या पायाकडे लक्ष द्या. तो सवयीनं क्लच शोधतो, त्याला सापडतं रुंद ब्रेक पेडल, आणि क्लचच्या जोरानं दाबल्यावर गाडी जागच्या जागी थांबते. मागून कोणी येत असेल तर धडक ठरलेली. डावा पाय बाजूच्या पाय ठेवायच्या जागेवरच राहू द्या आणि ब्रेकसाठीही उजवाच पाय वापरा.

टेस्ट ड्राइव्ह मोकळ्या रस्त्यावर घेऊ नका. तुमच्या रोजच्या वेळेला, रोजच्या रस्त्यानं न्या. चढावर थांबवून पुन्हा निघा, पार्किंगमध्ये इंच-इंच मागे घ्या, मग ओव्हरटेक करताना अचानक पूर्ण रेस द्या आणि गिअर खाली यायला किती वेळ लागतो ते पाहा. ऑटोमॅटिक या तिन्ही ठिकाणी नीट वागली तर घ्यायला हरकत नाही. चढावर ती मागे घरंगळली किंवा पार्किंगमध्ये हिसके देऊ लागली, तर दुसऱ्या प्रकारचा गिअरबॉक्स असलेली गाडी चालवून बघा.