फोर्ट वर्थचे अ‍ॅमॉन कार्टर संग्रहालय: रेमिंग्टन पाहायचा तर येथे

भारतातून पाहुणे आले की डॅलस परिसरातील मराठी मंडळी त्यांना टेक्ससमधील फोर्ट वर्थच्या स्टॉकयार्डमध्ये, म्हणजे गुरांच्या जुन्या बाजारात, लांब शिंगांच्या गुरांची मिरवणूक दाखवायला नेतात. ज्या चित्रकाराने काउबॉयची ही प्रतिमा अमेरिकेच्या मनात पक्की बसवली, त्या फ्रेडरिक रेमिंग्टनची उत्तमोत्तम कामे त्याच शहरातील अ‍ॅमॉन कार्टर संग्रहालयात आहेत, तिकडे मात्र फार थोड्यांची पावले वळतात. वृत्तपत्रमालक अ‍ॅमॉन कार्टर यांनी जमवलेल्या रेमिंग्टन आणि त्याच धाटणीचा चित्रकार चार्ल्स रसेल यांच्या कलाकृतींसाठी हे संग्रहालय 1961 मध्ये सुरू झाले. इमारतीची रचना वास्तुविशारद फिलिप जॉन्सन यांची असून प्रवेशाला एक पैसाही पडत नाही.

रेमिंग्टन काउबॉयच्या मुलखाचा, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिमेचा, रहिवासी नव्हता. त्याचा जन्म 1861 मध्ये न्यूयॉर्क राज्यातील कँटन गावी झाला. कॅन्ससमध्ये त्याने मेंढीपालन करून पाहिले, पण तो उद्योग बुडाला. पुढे तो साप्ताहिकांसाठी प्रसंगचित्रे काढू लागला आणि न्यू रोशेलच्या घरी खोगिरे, शस्त्रे, पोशाख यांचा साठा करून तेथेच त्याने आपली पश्चिम रंगवली. हे ठाऊक असले की 1889 चे ‘अ डॅश फॉर द टिंबर’ अधिक डोळसपणे पाहता येते. सुमारे चार फूट उंच आणि सात फूट रुंद अशा या चित्रात पाठलाग चुकवणारे स्वार थेट आपल्या अंगावर येतात आणि घोड्यांचे खूर जमिनीवरून सुटलेले दिसतात. चित्र अफाट कौशल्याचे आहे; तरीही मागून येणारे मूलनिवासी येथे केवळ धुळीतला शत्रू म्हणून उरतात आणि ही उणीव कौशल्याने झाकली जात नाही.

माझ्या मते या संग्रहाचे खरे मोल उत्तरकालीन चित्रांत आहे. 1895 च्या ‘द फॉल ऑफ द काउबॉय’मध्ये हिवाळ्याच्या करड्या उजेडात एक काउबॉय घोड्यावरून उतरून काटेरी तारेच्या कुंपणाचे फाटक उघडतो आहे. मोकळ्या कुरणांचा काळ संपला, हे सांगायला चित्रकाराला एवढे पुरते. 1908 च्या ‘द ग्रास फायर’मध्ये तर कथानक जवळजवळ उरतच नाही, रात्री गवताला आग लावणाऱ्या मूलनिवासींचे चेहरे ज्वाळांच्या प्रकाशात उजळतात आणि भोवतीचा हिरवट काळोख हाच चित्राचा विषय होतो. आपल्याला केवळ मासिकांचा चित्रकार समजले जाते, हा सल रेमिंग्टनला होता आणि अखेरच्या वर्षांत त्याने स्वतःची कित्येक चित्रे जाळून टाकली. 1909 मध्ये, अवघ्या 48 व्या वर्षी, अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेनंतर तो गेला.

शिल्पांपाशी घाई करू नये. मागच्या दोन पायांवर उभा राहिलेला घोडा आणि त्याची आयाळ घट्ट धरलेला स्वार, असे ‘द ब्राँको बस्टर’ हे 1895 चे त्याचे पहिले ब्राँझ आहे. सुरुवातीच्या प्रती वाळूच्या साच्यात ओतलेल्या होत्या. 1900 च्या सुमारास तो रोमन ब्राँझ वर्क्स या ओतशाळेकडे वळला, जेथे मेण वितळवून टाकण्याच्या पद्धतीने ओतकाम होई. या पद्धतीत प्रत्येक प्रतीसाठी वेगळे मेणप्रारूप लागत असल्याने ओतण्यापूर्वी त्यावर पुन्हा हात फिरवता येई, आणि म्हणून काही प्रतींत स्वाराच्या पायांवरचे चामडी आवरण चक्क लोकरी दिसते. त्या ओतशाळेची कागदपत्रेही याच संग्रहालयाकडे आहेत, ही अभ्यासकांची मोठीच सोय म्हणायची.

संग्रहालय सोमवारी बंद असते. दालनांतील मांडणी बदलत राहते, त्यामुळे एखादे ठरावीक चित्र पाहायचे असल्यास ते सध्या लावलेले आहे का, हे संकेतस्थळावर तपासूनच निघावे. किंबेल संग्रहालय चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पण त्याच दिवशी दोन्ही उरकण्याचा मोह टाळलेला बरा.