डीजेआय मिनी २ : आठ महिने उडवल्यानंतर

डीजेआय या चिनी कंपनीचा मिनी २ हा छोटा ड्रोन बाजारात आला नोव्हेंबर २०२० मध्ये, म्हणजे आज तो जुनाच. तरीही पहिला कॅमेरा ड्रोन म्हणून तो अजून अनेकांच्या हाती पडतो. वजन २४९ ग्रॅम, आणि पाती, बॅटऱ्या, सुटे भाग अजून मिळतात. घाटमाथा, नदीकाठ आणि कोकण किनारा अशा तिन्ही ठिकाणच्या आठ महिन्यांच्या वापरानंतरचं मत आधीच सांगून टाकतो. कॅमेरा पुरेसा आहे, उडवायला फारच सोपा आहे, आणि त्या सोपेपणातच गोम आहे. रिमोटच्या स्टिक सोडल्या की हा जागच्या जागी उभा राहतो, त्यामुळे दुसऱ्याच दिवशी आपल्याला सगळं जमलं असं वाटायला लागतं. वारा आणि बॅटरी यांचा हिशेब मात्र आपला आपणच शिकावा लागतो, आणि ड्रोन जातात ते तिथेच.

आधी विकत घेण्याबद्दल. फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी बनावटीचे तयार ड्रोन भारतात आणायला बंदी आहे. परदेशातून येताना बॅगेत घालून आणला तर कस्टममध्ये अडकतो. त्यामुळे मिनी २ मिळतो तो बहुतेक वेळा वापरलेला. घेताना मूळ बिल मागा आणि आधीच्या मालकाने सरकारकडे नोंदणी करून युनिक आयडेंटिफिकेशन नंबर, म्हणजे ड्रोनचा ओळख क्रमांक, घेतला होता का ते विचारा. विक्री झाली की हस्तांतराचीही नोंद करावी लागते. दुसरं, त्याच्या डीजेआय खात्याला ड्रोन जोडलेला असेल तर समोर बसूनच तो काढून घ्या. नंतर फोन उचलला जात नाही. तिसरं, बॅटरी लावून ॲपमध्ये चार्जिंगची आवर्तनं किती झाली ते बघा आणि बॅटरी सपाट टेबलावर ठेवून पोट आलंय का तपासा. पोट आलेली बॅटरी फुकट दिली तरी घेऊ नका. शेवटी चालू करून गिंबल, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणारी यंत्रणा, सरळ उभा राहतो का, क्षितिज तिरकं दिसतं का, आणि पाती न लावता मोटर हाताने फिरवल्यावर चारही सारख्याच हलक्या फिरतात का ते पाहा. खरखर लागली तर आत माती किंवा मीठ आहे.

नियमांचं थोडक्यात. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन ‘नॅनो’, त्यावर २ किलोपर्यंत ‘मायक्रो’. नॅनोला रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. पण २४९ ग्रॅमवर पात्यांचे गार्ड, चमकणारा दिवा किंवा उंच पाय लावले की तुम्ही निमूटपणे मायक्रोमध्ये गेलात. उडवण्याआधी डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर हिरवा (मोकळा), पिवळा (परवानगी लागणारा), लाल (बंदीचा) भाग पाहायचाच. हिरव्या भागात जमिनीपासून १२० मीटर म्हणजे ४०० फुटांपर्यंत उडवता येतं. विमानतळापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट होते. पुण्यात लोहगावचा हवाई दलाचा तळ, गोव्यात दाबोळीचा नौदलाचा तळ आणि मोपाचा विमानतळ, यांच्या आजूबाजूची मोठमोठी वर्तुळं नकाशावर दिसतीलच. मुंबईत पोलिसांचे मनाई आदेश वेळोवेळी निघतात, ते वेगळे. आणि गड म्हटला की ड्रोन, असं डोक्यात असेल तर ते काढून टाका. रायगड, लोहगड, सिंधुदुर्ग भारतीय पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहेत आणि हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. तिथे परवानगीशिवाय पेटीसुद्धा उघडू नये.

पेटीतून काढल्यावरची तयारी घरीच करा. अँड्रॉइडवर डीजेआय फ्लाय ॲप प्ले स्टोअरवर सापडत नाही, कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवावं लागतं. फर्मवेअरचं, म्हणजे ड्रोनच्या आतल्या सॉफ्टवेअरचं, अपडेट घरच्या वायफायवर उरकून घ्या; घाटात एका काडीच्या नेटवर्कवर ते अर्धवट अडकलं की दिवस गेला. ज्या भागात जायचं तिथला नकाशा आधीच एकदा उघडून ठेवा. मेमरी कार्ड यू-३ दर्जाचं हवं, कारण ४के चित्रीकरण सेकंदाला १०० मेगाबिटने लिहिलं जातं आणि हळू कार्ड मध्येच मान टाकतं.

पाती ही दोन प्रकारची असतात. खुणा असलेली पाती खुणा असलेल्या हातांच्या मोटरवर, बिनखुणांची बिनखुणांच्या. एका मोटरला दोन पाती, दोन स्क्रू, एकूण आठ. उलटी लावली तर ड्रोन उचलत नाही, जागीच कलंडतो. बदलायची वेळ आली की एका मोटरची दोन्ही पाती एकदम बदला आणि पाकिटातले नवेच स्क्रू वापरा. प्रत्येक उड्डाणाआधी पात्याच्या कडेवरून नख फिरवायची सवय लावून घ्या. डोळ्याला न दिसणारी खाच नखाला लागते, आणि तेवढ्या खाचेने व्हिडिओत जेलीसारखी थरथर येते.

पहिलं उड्डाण उघड्या मैदानावर, सकाळी सातच्या सुमारास. सोसायटीच्या गच्चीवरून नको. स्लॅबमधल्या सळया होकायंत्राला गोंधळात टाकतात. जमिनीवर सगळं ठीक दिसतं आणि वर गेल्यावर ड्रोन गोल गोल घसरायला लागतो. गाडीच्या बॉनेटवरूनही नको, तेच कारण. खाली रबरी मॅट टाका, गाडीतली पायपुसणीही चालते. गिंबल जमिनीच्या फार जवळ असतो, गवताची काडी अडकली की ‘गिंबल ओव्हरलोड’ येतं. लाल मातीत तर मॅट हवीच, मोटर ती माती आत ओढते. गिंबलचं पारदर्शक झाकण बॅटरी चालू करण्यापूर्वी काढा. मग थांबा. होम पॉइंट, म्हणजे ड्रोनने परत यायचं ठिकाण, नोंदवल्याचा आवाज येईपर्यंत उडवायचं नाही. घाईने उडवलं तर ड्रोन हवेत असताना जिथे उपग्रह सापडतील तिथे होम पॉइंट धरतो, आणि ते ठिकाण तळ्याच्या मधोमध असू शकतं.

ॲपच्या सेफ्टी पानावर कमाल उंची ३० मीटर आणि अंतर ५० मीटर ठेवा. आपोआप उड्डाणाचं बटण दाबलं की तो १.२ मीटरवर जाऊन थांबतो. अर्धा मिनिट तसाच ठेवा, आवाज ऐका, हलतोय का पाहा. मग शेपूट स्वतःकडे ठेवून चौकोन. तो जमला की ड्रोनचं तोंड आपल्याकडे करून तोच चौकोन. आता डावं-उजवं उलटं होतं आणि बहुतेकांची पहिली धडक इथेच असते. दोन बॅटऱ्या फक्त यावर घालवल्या तरी वाया गेल्या असं समजू नका. पडद्याकडे न बघता, नुसतं आकाशातल्या ठिपक्याकडे बघून त्याला परत आणता येईपर्यंत पुढचं काही नाही.

आता वारा. हा ड्रोन सेकंदाला १०.५ मीटरपर्यंतचा वारा सहन करतो असं कागदावर आहे. सहन करतो म्हणजे उभा राहतो. परत येतो असं नव्हे. हिशेब असा. नॉर्मल मोडचा वेग १० मीटर धरा. वारा पाठीशी असताना ६०० मीटर मिनिटाभरात गेलात. परतताना समोरून ७ मीटरचा वारा असेल तर हातात ढोबळमानाने ३ मीटर उरतात. तेच ६०० मीटर आता २०० सेकंदांचे, म्हणजे सव्वातीन मिनिटांहून जास्त. वाऱ्यात ड्रोन जास्त कलून थोडी भर घालतो, पण ती भर बॅटरीतूनच येते. स्पोर्ट मोडमध्ये १६ वजा ७, म्हणजे ९ मीटर मिळतात, आणि बॅटरी डोळ्यांसमोर उतरते. म्हणून जाताना वाऱ्याच्या तोंडाकडे जायचं, येताना वारा पाठीशी. परतीला किती बॅटरी लागेल याचा अंदाज ॲप सतत बांधत असतं, पण ५० मीटर वर चढल्यावर वारा दुप्पट असेल हे त्याला कुठून कळणार? जोरदार वाऱ्याची सूचना पडद्यावर आली की पहिलं काम उंची कमी करणं. खाली वारा कमी असतो. अशा वेळी ‘रिटर्न टू होम’, म्हणजे ड्रोनला आपोआप परत बोलावणारं बटण, दाबलं तर तो आधी ठरलेल्या उंचीवर चढतो, म्हणजे नेमका जास्त वाऱ्यात.

घाटाच्या कड्यावर हिशेब आणखी बिघडतो. पश्चिमेचा वारा कड्यावर आपटून वर उसळतो, त्यामुळे कड्याच्या तोंडाशी ड्रोन आपोआप वर ढकलला जातो. धार ओलांडून मागच्या बाजूला गेलात की तीच हवा खाली कोसळत आणि घुसळत असते. तिथे तो हातभर हातभर दचकतो. उंचीचा आकडाही फसवतो. ॲपमधली उंची उड्डाणाच्या जागेपासूनची असते. कड्यावरून २० मीटर वर नेऊन पुढे सरकवला की पडद्यावर २० च दिसतं, पण खालची जमीन ३०० मीटरवर गेलेली असते आणि १२० मीटरचा नियम कधीच मोडलेला असतो. कड्याखाली उतरवायचा मोह तर टाळाच. आकडा उणे होतो, मध्ये कातळ येतो, सिग्नल तुटतो. रिमोटचे अँटेना फोनच्या पकडीत आहेत. तिची सपाट बाजू ड्रोनकडे हवी, टोक नव्हे. कातळ आड आला की ते धरूनही उपयोग नाही.

रिटर्नची उंची जागेनुसार दरवेळी बदला. मिनी २ ला पुढे, मागे, बाजूला कुठेही अडथळा दिसत नाही. सेन्सर आहे तो फक्त खाली. तो ठरलेल्या उंचीवर चढतो आणि सरळ रेषेत येतो. मध्ये नारळ, मोबाइलचा मनोरा किंवा उच्चदाबाची तार असेल तर त्यात जातो. आसपासचं सर्वांत उंच जे असेल त्यावर १५-२० मीटर धरा. झाडाच्या फांद्यांखाली किंवा मांडवात उडवत असाल तर सिग्नल तुटल्यावरची कृती ‘हॉव्हर’, म्हणजे जागीच थांबणं, अशी करा, नाहीतर तो थेट छताला भिडेल. मागे मागे जाणारे तयार शॉट, ड्रोनी आणि बूमरँग, याच कारणाने झाडात संपतात. सुरू करण्याआधी ड्रोन वळवून मागची वाट एकदा कॅमेऱ्यातून पाहून घ्या.

पाण्यावर खालचा सेन्सर गडबडतो, लाटांवरून उंची चुकते. दोन-तीन मीटरपेक्षा खाली नेऊ नका. घारी त्रास देतात, विशेषतः बाजाराच्या आणि मच्छीच्या जागी. पळायचं ते सरळ वर; घारीला तेवढ्या वेगाने उभं चढता येत नाही. उतरताना मात्र उभा खाली सोडू नका. स्वतःच्याच पात्यांनी ढवळलेल्या हवेत तो डगमगतो. थोडा पुढे सरकत उतरवा.

बॅटरीचं ३१ मिनिटांचं आश्वासन बिनवाऱ्याच्या हवेचं आहे. ३० टक्क्यांना परत फिरायचं म्हटलं तर २० मिनिटं धरा. तीन बॅटऱ्या म्हणजे तासभराचं काम. उड्डाणानंतर गरम बॅटरी लगेच चार्जिंगला लावायची नाही, आणि मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर तर मुळीच ठेवायची नाही. चार्जिंगची मर्यादा ४० अंश आहे. ठेवणीत असताना पूर्ण भरलेली नको, निम्म्याच्या आसपास असू द्या. पावसाळ्यात महिनोन्महिने कपाटात राहिली आणि उतरत गेली की ती झोपी जाते, बटण दाबून दिवे लागत नाहीत. मेली समजून टाकू नका. चार्जरला लावली की उठते.

कॅमेऱ्याबद्दल लोक सर्वांत जास्त विचारतात, आणि सांगण्यासारखं सर्वांत कमी इथेच आहे. १२ मेगापिक्सेल, छिद्र एफ २.८ कायमचं, ४के ३० फ्रेमपर्यंत. दिवसा छान, सूर्य मावळल्यावर रवाळ. आपल्याकडच्या दुपारच्या उन्हात आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १०० ला शटर १/३२०० सेकंदाच्या घरात जातं. २५ फ्रेमला १/५० शटर हवं असेल तर सहा स्टॉप कमी करावे लागतात (एका स्टॉपला प्रकाश निम्मा), म्हणजे लेन्सवर एनडी ६४ हा प्रकाश कमी करणारा फिल्टर. पण ७०-८० मीटरवरून डोंगर टिपताना फ्रेममध्ये हालचालच इतकी कमी असते की फिल्टर लावला काय, न लावला काय. भातखाचरांवरून खाली, वेगात जायचं असेल तेव्हाच तो कामाला येतो. एक्स्पोजर मात्र हाताने बांधा. नाहीतर आकाश फ्रेममध्ये आलं की जमीन काळी पडते आणि ती उडी संपादनात लपत नाही.

आठ महिन्यांत झीज कुठे झाली? पात्यांचे दोन संच गेले, दोन्ही वेळा गवताने. किनाऱ्यावरून आल्यावर कोरड्या, मग किंचित ओल्या आणि पुन्हा कोरड्या फडक्याने पुसणं चुकवलं नाही, तरी मोटरच्या स्क्रूंवर गंजाचे ठिपके आलेच. धुक्यात नेलेला नाही आणि नेऊही नये. ढग म्हणजे पाणीच, आणि याला कुठलंही जलरोधक कवच नाही. एसी गाडीतून काढल्या काढल्या लेन्सवर वाफ धरते, दहा मिनिटं बाहेर ठेवून मगच चालू करावा. पेटीत सिलिका जेलच्या चार पुड्या, दोन जादा पात्यांचे जोड, स्क्रूड्रायव्हर आणि ड्रोनवर चिकटवलेला स्वतःचा फोन नंबर, एवढं असू द्या. झाडीत पडलाच तर ॲपमधल्या ‘फाइंड माय ड्रोन’वरून तो दिवे लावतो आणि बीप करतो, पण बॅटरी शिल्लक असेपर्यंतच. तेव्हा आधी शोधायला निघा, व्हिडिओत काय आलंय ते नंतर बघा.