एक कोठडी उघडणं अवघड, सगळ्या उघडणं सोपं

हॅकरवरच्या 'मिस्टर रोबोट' या मालिकेच्या पहिल्या सीझनचा सहावा भाग, 'ब्रेव्ह ट्रॅव्हलर', 29 जुलै 2015ला अमेरिकेत दाखवला गेला. नाशिकच्या सातपूर-अंबडमध्ये पीएलसीवर, म्हणजे मशीन चालवणाऱ्या छोट्या औद्योगिक कॉम्प्युटरवर, हात चालवणाऱ्या प्रत्येकाने तो बघावा, कारण यातलं खरं पात्र पीएलसीच आहे. नायक हॅकर एलियटला एका रात्रीत व्हेरा या गुंडाला तुरुंगातून सोडवायचंय, नाहीतर एलियटच्या मैत्रिणीचा जीव जाईल. कथेचं एवढंच पुरे.

पहिला डाव पेनड्राइव्हचा. एलियटची साथीदार डार्लीन ते पोलिसांच्या गाड्यांजवळ टाकून जाते. एक पोलीस उचलतो, कॉम्प्युटरला लावतो आणि अँटिव्हायरस लगेच ओरडतो, कारण तिने घाईत तयार कोड उचललेला असतो. हॅकर हरतो तो असा क्षुल्लक आणि खऱ्या कारणाने, हे दाखवणाऱ्या मालिका फार थोड्या. पेनड्राइव्ह उचलणंही पटतं: इलिनॉय विद्यापीठाच्या आवारात 297 पेनड्राइव्ह टाकून केलेल्या प्रयोगात किमान 45 टक्के उघडले गेले होते.

दुसरा डाव ब्लूटूथचा. तुरुंगाचं वायफाय डब्ल्यूपीए-2 या मजबूत सुरक्षा पद्धतीचं, ते एका रात्रीत फुटणारं नाही. मग एलियट पोलिसांच्या गाडीतला लॅपटॉप गाठतो आणि त्याचा कीबोर्ड असल्याचं सोंग घेतो. इथे मालिका घाई करते. नुसता कीबोर्डचा पत्ता नक्कल करून भागत नाही, जोडणीच्या वेळी दोघांत ठरलेली गुप्त किल्लीही (संकेतही) लागते. ती कुठून आली, हे कुणी सांगत नाही.

पण तिथून पुढे कोठड्यांची दारं चालवणाऱ्या पीएलसीपर्यंतचा भाग अस्सल. 2011मध्ये हॅकर्सच्या डेफकॉन परिषदेत तुरुंगांच्या पीएलसीवर संशोधन मांडलं गेलं होतं, त्याच वाटेने ही गोष्ट जाते. एका रात्रीत लॅडर, म्हणजे पीएलसीचा प्रोग्रॅम, कसा कळेल, अशी शंका येईल. पण नीट बघा. व्हेराची एकच कोठडी उघडायची तर आय-ओ लिस्ट हवी: कोणतं आउटपुट कोणत्या कुलपाच्या सोलेनॉइडला (कूलूप ओढणाऱ्या विजेच्या कॉइलला) जातं, ते पॅनल बनवणाऱ्यालाच माहीत. सगळी आउटपुट फोर्स करायला, म्हणजे प्रोग्रॅमला न जुमानता जबरदस्तीने चालू करायला, लिस्ट लागत नाही. म्हणूनच सगळ्याच कोठड्या उघडतात, आणि हे लिहिणाऱ्याला पीएलसी कळतो याची खात्री पटते.

एक गोष्ट मात्र सुटली. इतके सोलेनॉइड एका क्षणी ओढले तर सुरुवातीचा करंट एवढा चढतो की सप्लायचा एमसीबी (जास्त करंटला बंद होणारा स्विच) पडायला हवा. दारं टप्प्याटप्प्याने उघडायचा क्रम प्रोग्रॅममध्ये असतो तो याचसाठी. फोर्स केलं की तो क्रमच बाजूला पडतो.

इंटरलॉकचंही तसंच. दोन दारं एकदम उघडू नयेत, हे फक्त लॅडरमध्ये लिहिलं असेल तर फोर्सपुढे ते टिकत नाही. रिलेच्या, म्हणजे विजेने चालणाऱ्या स्विचच्या, वायरिंगमध्ये असेल तर टिकतं. प्रेस मशीनच्या गार्डचा आणि इमर्जन्सी स्टॉपचा सर्किट सेफ्टी रिलेवर का ठेवायचा, हे नव्या ट्रेनीला समजवायला हा प्रसंग हाताशी ठेवावा.

आपल्याकडे तर हल्लेखोराला गाडीमागे लपायचीही गरज नाही. व्हेंडरचा माणूस प्रोग्रॅम टाकायला येतो आणि त्याचा पेनड्राइव्ह थेट एचएमआयच्या (मशीनच्या ऑपरेटर स्क्रीनच्या) जुन्या विंडोजला लागतो. तो आधी नेटवर्कबाहेरच्या वेगळ्या कॉम्प्युटरवर तपासा. पीएलसीच्या सीपीयूवर किल्लीचा स्विच असेल तर ती 'रन'वर फिरवून काढून ठेवा. 'रिमोट'वर राहिली तर लांबून प्रोग्रॅम बदलता येतो. चालू प्रोग्रॅमची प्रत कपाटात असू द्या, आणि मशीनचं नेटवर्क ऑफिसच्या वायफायपासून तोडा.

हा भाग मोबाइलवर बघू नका. एलियटच्या स्क्रीनवरच्या ओळी बारीक असतात. लॅपटॉपवर लावा आणि ब्लूटूथच्या प्रसंगाला थांबवून वाचा.